मीठ कुणाचं, माती कुणाची?

(सोलापुरात झालेल्या मेळाव्यातलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, पाड्यावर बसून वाचून दाखवता यावं म्हणून, बोललं तसंच छापलं आहे.)



जंगल-जमिनीच्या मेळाव्यात मिठावर बोलायचं ठरलं, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारलं, "मीठ कशाला? दाव्यांचं बोला, पट्ट्यांचं बोला." प्रश्न रास्त आहे. सोलापूरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. इथं ना खाडी, ना मिठागर. पण आम्ही दाव्यांचंच बोलणार आहोत. फक्त सुरुवात मिठापासून करणार आहोत.

आपल्या पाड्यावर काय काय होतं ते आठवा. नागली होते, वरई होते, तूर होते. तेल मोहाच्या टोळंबीचं निघतं. भाजी रानात मिळते. मासा ओढ्याला मिळतो. एक गोष्ट मात्र कुठल्याच पाड्यावर पिकत नाही. ती म्हणजे मीठ. त्यासाठी बाजाराला जावंच लागतं. हे व्यापाऱ्याला आपल्याआधी कळलं. गडचिरोली-बस्तरच्या बाजारांत चारोळी मिठाच्या बदल्यात गेली. जितकी चारोळी तितकं मीठ! ज्या चारोळीला शहरात मिठाईवाला मोठी किंमत मोजतो, ती आपल्या बायांनी मिठाच्या भावानं दिली. आपली गरज एका चिमटीची, आणि त्या चिमटीनं अख्खं जंगल तोलून नेलं. म्हणून मीठ कसं निघतं, कोण काढतं, काढताना जमिनीचं आणि पाण्याचं काय होतं, आणि कायदा कुणाच्या बाजूला उभा राहतो, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

खाडीचं मीठ

आपल्या महाराष्ट्रात मीठ होतं ते कोकणपट्टीत. पालघर, वसई, भाईंदर, मुंबईची पूर्व बाजू, उरण, पेण. आपल्यातले कितीतरी जण तिथं मजुरीला गेले आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण डोंगरातल्या आणि माळावरच्या साथींसाठी सांगतो.

पाऊस सरला की बांध नीट करतात. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घेतात आणि वाट बंद करतात. ते पाणी ऊन-वाऱ्यानं आटतं. मग ते पुढच्या उथळ तळ्यात, तिथून त्याच्या पुढच्या. पाणी दर टप्प्याला जास्त खारट होत जातं. शेवटचे वाफे पायांनी तुडवून, चोपून घट्ट केलेले असतात, म्हणजे पाणी मुरत नाही. हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ किलो. त्यातलं आपलं खायचं मीठ २७ किलोच्या आसपास. पाणी आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं. शेवटी उरतं ते कडू पाणी. त्यात मॅग्नेशियम असतं. ते काढून टाकावं लागतं, नाहीतर मीठ कडू होतं. वाफ्यातलं मीठ लाकडी फळीनं ओढायचं, ढीग करायचा, टोपलीनं डोक्यावरून वाहायचं. दिवाळीनंतर सुरू झालेलं काम पहिल्या पावसाला संपतं.

म्हणजे मीठ करायला तीन गोष्टी लागतात, हे ध्यानात ठेवा. पाणी आणायचं, ऊन द्यायचं आणि पाण्याला जायला वाट ठेवायची नाही. पुढं सोलापूरच्या मातीचं सांगू तेव्हा हेच परत लागणार आहे.

यात लाकूड जळत नाही, धूर होत नाही. ऊन फुकट. त्या मानानं खाडीचं मीठ निसर्गाला कमी त्रास देतं हे खरं. पण अगदीच देत नाही असं नाही. खाडीकाठी बांध घालायचा म्हणजे तिवरं तोडावी लागतात. तिवराच्या मुळांत कोळंबी वाढते, खेकडा राहतो, निवट्या राहतो. तिवर गेलं की गरिबाच्या कालवणातला मासा जातो. कडू पाणी एकदम खाडीत सोडलं की तिथली मासळी मरते. आणि बांधाची निगा राहिली नाही, बांध फुटला, की खारं पाणी शेजारच्या भातशेतात शिरतं. अशा शेतात पुढची काही वर्षं दाणा होत नाही. शेत ज्याचं त्यालाच ते सोसावं लागतं.

आता उलटी बाजूही बघा. शेकडो वर्षं झाली, ही मिठागरं खाडीचाच भाग होऊन बसली. पावसाळ्यात ती रिकामी असतात, तेव्हा शहराचं पाणी पोटात घेतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सोलापुरात पावणेदोन वर्षांत जेवढा पडतो जवळपास तेवढा एका दिवसात! अशा वेळी पाण्याला पसरायला उघडी जागा लागते. ती जागा म्हणजे मिठागरं आणि तिवरं. असं असताना सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुंबईतल्या कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी घ्यायला मंजुरी दिली. गरिबाला घर मिळावं याला आपला विरोध कधीच नाही. पण एका गरिबाला त्याच्या जागेवरून उठवायचं आणि पाण्याच्या जागेवर नेऊन बसवायचं, याला घर देणं म्हणत नाहीत. आणि ज्यांनी त्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या मीठ ओढलं, त्यांचं नाव कुठल्या कागदावर आहे? जमीन सरकारची, भाडेपट्टा मालकाचा, घाम मजुराचा. घामाचा सातबारा निघत नाही.

आमच्या पाड्यांवरून माणसं जातात ती उचल घेऊन. गौरी-गणपतीच्या, दिवाळीच्या गरजेला पैसा उचलायचा आणि मग हंगामभर तो फेडायचा. पाय खाऱ्या पाण्यात चिरतात. मिठावरचं ऊन उलटून डोळ्यात जातं. आजूबाजूला पाणीच पाणी, पण प्यायला गोडं पाणी दूरवरून आणायचं. हिशोबाची वही एकाच बाजूकडं असते. हे आम्ही ऐकून सांगत नाही, आमच्या घरातली माणसं हे करून आलेली आहेत.

रणातलं मीठ

पण देशाचं बहुतेक मीठ आता गुजरातेत होतं. तिथं समुद्राच्या मिठाबरोबर कच्छच्या छोट्या रणातलं मीठही आहे. हे मीठ काढणारे अगरिया. त्यांची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल.

रणात जमिनीखाली खारं पाणी असतं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. विहीर-बोअर खोदून ते उपसायचं आणि वाफ्यांत पसरायचं. अगरिया पावसाळ्यानंतर बायकापोरांसकट रणात जातात आणि सात-आठ महिने तिथंच झोपडी करून राहतात. पूर्वी डिझेलचं इंजिन रात्रंदिवस चाले. मिठाचे आलेले पैसे बरेचसे डिझेलमध्येच जात. आता पुष्कळ ठिकाणी सौरपंप आले, तेवढा खर्च आणि धूर कमी झाला. पण व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि मीठ त्यालाच त्याच्या भावानं द्यायचं, हे सुटलेलं नाही. तिथं सांगतात, अगरिया मेला तर त्याचं सगळं शरीर जळतं, पाय जळत नाहीत. जन्मभर मिठात राहून ते इतके कडक झालेले असतात.

१९७३ मध्ये त्या रणाचं रानगाढवांसाठी अभयारण्य केलं. जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर. हक्क कुणाकुणाचे आहेत ही चौकशी सुरू व्हायला १९९७ उजाडलं. आधी हद्द, मग चौकशी! आणि चौकशी झाली तेव्हा कितीतरी अगरियांची नावं यादीत आलीच नाहीत, कारण रणात गाव नाही, घरपट्टी नाही, सातबारा नाही. वर्षातले आठ महिने जो माणूस तिथं राहतो, तो कागदावर तिथला नाही. आणि चार महिने जिथं राहतो तिथं त्याला जमीन नाही.

साथींनो, हे ऐकून सोलापूरच्या पारधी साथींना काय आठवलं असेल ते आम्हाला माहीत आहे. इथं १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले, बाजारपेठा आल्या. माळ आटोक्यात आणायला आणि अभयारण्य बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास करायला तीस वर्षांहून जास्त लागली. माळढोक वाचावा असं आपल्यालाही वाटतं. माळ जपला तो माळावरच्या माणसांनीच. पण हद्द आखताना विचारायचं कुणाला, हा प्रश्न रणात, माळावर आणि डोंगरात एकच आहे.

मीठ काढायच्या आणखी तऱ्हा आहेत. राजस्थानात सांभर सरोवराचं मीठ निघतं. तिथं सरोवरात आणि काठाला बेसुमार बोअर मारून खारं पाणी उपसतात, त्यानं सरोवराचंच पाणी खाली गेलं. हिमाचलमध्ये मंडीजवळ खडकातलं मीठ खणून काढतात. पूर्व किनाऱ्यावर एके काळी खारं पाणी लाकडावर उकळून मीठ करत. त्यासाठी सरपणाची जंगलं राखलेली असत आणि तीच तोडली जात. एवढ्यावरून एक गोष्ट कळते. मीठ फुकट येत नाही. ते जिथून निघतं तिथलं पाणी, तिथलं झाड, नाहीतर तिथल्या माणसाचे पाय त्याची किंमत देतात. पुडीवर जी छापलेली असते ती वेगळी किंमत.

मातीतलं मीठ

आता सोलापूरकडं येऊ. इथं समुद्र नाही, पण इथली माणसं मीठ करत होती. दख्खनच्या कोरड्या भागात उन्हाळ्यात काही जमिनींवर पांढरं फुटतं. ती पांढरी माती खरवडायची, गवताचा थर घातलेल्या खड्ड्यात टाकायची, वरून पाणी ओतायचं. खाली पाझरतं ते खारं पाणी. ते उथळ वाफ्यात वाळवायचं किंवा उकळायचं. हे काम करणारी जात म्हणजे उप्पार. कानडीत आणि तेलुगूत उप्पू म्हणजे मीठ. सोलापुरात दोन्ही भाषा घरोघर बोलतात, त्यामुळं हे समजवायला नको. आपल्या मराठीत लोणारी. लोण म्हणजे मीठ. आज उप्पार म्हटलं की लोकांना मातीकाम आठवतं आणि लोणारी म्हटलं की चुना आणि कोळसा आठवतो. मग मीठ कुठं गेलं?

मीठ कायद्यानं गेलं. इंग्रजांना मिठावर कर हवा होता. त्यासाठी आधी त्यांनी देशाच्या पोटातून काटेरी कुंपण घातलं. ते वरून बुऱ्हाणपूरपर्यंत यायचं आणि तिथून पूर्वेला ओडिशाकडं जायचं. त्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. कशासाठी? कुणी बिनकराचं मीठ पलीकडं नेऊ नये म्हणून! ते कुंपण १८७९ मध्ये उठवलं, पण तोवर मीठ जिथं तयार होतं तिथंच सरकारनं हात ठेवला होता. समुद्रावरच्या मिठागरावर शिपाई बसवता येतो, ढीग मोजता येतो. गावोगावच्या पांढऱ्या मातीवर कसा बसवणार? म्हणून मातीचं मीठ करणं बंदच केलं. ते वाईट होतं म्हणून नाही. ते मोजता येत नव्हतं म्हणून.

आता वर्षं बघा. जंगलाचा कायदा १८७८ चा. मिठाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याचा वेगळा मीठ कायदा १८९० चा. एकाच पिढीत, एकाच सरकारनं दोन्ही केलं. काल जे सगळ्यांचं होतं, ते सकाळी उठून बघावं तर सरकारचं. काल जो मीठ करणारा होता, तो मीठचोर झाला. काल जो गवत-लाकूड आणणारा होता, तो लाकूडचोर झाला. माणूस तोच, काम तेच. कागद तेवढा बदलला.

म्हणून १९३० ला काय झालं ते नीट समजून घ्या. ६ एप्रिलला गांधींनी दांडीला मीठ उचललं. महाराष्ट्रात शिरोड्याला, वडाळ्याला लोक मिठागरांवर गेले. पण जिथं समुद्र नाही तिथं काय करायचं? तिथं लोकांनी हातात कोयता घेतला. विदर्भात पुसदला लोकनायक अणे यांच्या पुढारपणाखाली राखीव जंगलातलं गवत कापलं. बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. सोलापुरात गिरणी कामगारांसकट सगळं गाव रस्त्यावर आलं. शिंदीची झाडं तोडली, कारण ताडीवर सरकारचा कर होता. झाडाचा काही गुन्हा नव्हता, हेही आपण जंगलवाले म्हणून सांगून ठेवू. गोळीबार झाला. तीन-चार दिवस या शहरात इंग्रजांचं राज्य चाललं नाही. मग लष्करी कायदा आला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे पुतळे इथल्या चौकात आहेत. येता-जाता आपल्या पोरांना दाखवा.

आणि उरण तालुक्यातलं चिरनेर. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला अक्कादेवीचा डोंगर. २५ सप्टेंबर १९३० ला तिथं जंगलात कोयते चालले आणि गोळ्या सुटल्या. जे पडले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. मीठ आणि जंगल ही एकच लढाई होती, हे पुस्तकात फार कुणी लिहीत नाही. नाग्याचं मरण तेच सांगतं.

पुढं ५ मार्च १९३१ ला गांधी आणि आयर्विन यांचा करार झाला. त्यात मिठाचं काय ठरलं, हे प्रत्येक ग्रामसभेनं पाठ करावं असं आहे. ज्या गावाजवळ मीठ होतं, तिथल्या लोकांनी घरापुरतं करावं, गावात विकावं. गावाबाहेर विकू नये. ओळखीचं वाटतं का? "मोळीपुरतं लाकूड आणा. घरापुरता बांबू न्या. विकायचा मात्र नाही." आपल्याला कितीतरी वर्षं हेच ऐकवलं. म्हणजे पोट भरायला हक्क, पण कमवायला नाही. ही बेडी तुटली ती २००६ च्या वनहक्क कायद्यानं. गौण वनउपजावर मालकी, विकायच्या हक्कासह. आणि २०११ मध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं आपल्या बांबूचा वाहतूक पास आपल्या हातात घेतला. मिठाचा कर १९४७ मध्ये गेला. जंगलाला त्यापुढं जवळपास साठ वर्षं लागली.

शेताचं मिठागर

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं ती. आज सोलापुरात परत जमिनीतून मीठ निघतं आहे. पण कुणी काढत नाही, ते आपोआप वर येतं आहे.

हा जिल्हा कोरडा. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं, कालवे आले, ऊस आला. साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त याच जिल्ह्यात. पाणी आलं हे चांगलंच झालं, तहानलेल्याला पाणी नको असं कोण म्हणेल? पण काळ्या, भारी जमिनीत उसाला सारखं पाणी सोडलं, कालवा झिरपत राहिला आणि पाण्याला निघून जायला चर ठेवले नाहीत. मग खालचं पाणी वर वर आलं. ते एक-दीड मीटरवर आलं की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं मातीतून वर चढतं. वर ऊन. पाणी उडून जातं आणि क्षार माथ्यावर राहतात. कालव्याच्या गोड पाण्यातसुद्धा हजार लिटरमागं काही शे ग्रॅम क्षार असतातच. वर्षानुवर्षं तेही साठतात.

मगाशी काय म्हटलं होतं? पाणी आणायचं, ऊन द्यायचं, जायला वाट ठेवायची नाही. मिठागर असंच होतं. आपण शेताचं मिठागर केलं. नीरेच्या कालव्यावर हे इंग्रजांच्या काळातच दिसलं होतं. सांगलीकडं कृष्णाकाठी तर गावंच्या गावं क्षारपड जमिनीनं ग्रासली. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. कालव्याला पैसा मिळाला, चराला मिळाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ऊस बागाईतदाराचा, जमीन त्याची, आपलं काय गेलं? आपलं असं जातं. धरणात, प्रकल्पात, अभयारण्यात आपलं गाव उठतं, तेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीन दाखवतात ती बहुतेक वेळा लाभक्षेत्रातली. कागदावर "बागायत" लिहिलेलं असतं. पण चांगली जमीन कोण सोडतो? सुटते ती पडीक, पाणथळ, क्षारपड. उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात गाडीत घालून नेतात, बांधावर उभं करतात, सही घेतात. डोंगरातल्या माणसाला लाल माती कळते, वरकस कळते. काळ्या जमिनीचा आजार कळत नाही. म्हणून तो कसा ओळखायचा ते सांगतो, लक्ष देऊन ऐका.

पांढरं फुटलेलं असेल, मीठ शिंपडल्यासारखं, तर जमीन खारवट. हे मार्च ते मे मध्ये सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून जमीन उन्हाळ्यात बघा, पावसात बघू नका. पांढरं नाही, पण पावसानंतर माती साबणासारखी चिकट होते, पाणी गढूळ साचून राहतं, वाळली की दगडासारखी ढेकळं होतात, वर काळपट साय धरते, तर ती चोपण. चोपण खारवटीपेक्षा वाईट. खारवट जमिनीला चर काढून, गोड्या पाण्यानं धुऊन, तागा-धैंच्याचं हिरवं खत देऊन सुधारता येतं. चोपणीला त्यावर जिप्समही घालावं लागतं. दोन्हीला पैसा लागतो, वर्षं लागतात, आणि शेजारच्या सगळ्यांनी मिळून चर काढले तरच उपयोग होतो. शेतात नुसती वेडी बाभळ आणि लव्हाळा माजलेला असेल तर का माजला ते विचारा. हाताएवढा नाही, पुरुषभर खड्डा घ्या. पाणी किती खाली लागतं ते बघा. विहिरीचं पाणी चाखा. माती तपासायला द्या. तिचा सामू साडेआठच्या वर आला तर सही करू नका.

आता करायचं काय

भाषण लांबलं. शेवटी कामाचं बोलतो. हे ग्रामसभेत घ्यावं अशी आमची विनंती आहे.

पहिलं. बदली जमीन दाखवली तर ग्रामसभेनं पाच माणसं, त्यांत किमान दोन बाया, उन्हाळ्यात पाठवून खड्डे घ्यावेत. माती तपासणीचा कागद जोडल्याशिवाय आणि चर सरकारी खर्चानं काढून दिल्याशिवाय जमीन ताब्यात घेऊ नये. बागायत म्हणजे नुसता कालवा नाही. पाणी येणं आणि पाणी जाणं, दोन्ही मिळून बागायत.

दुसरं. जे हंगामाला बाहेर जातात, मिठागरावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला, त्यांचे दावे ते गावात असताना भरून घ्या. मोजणीला माणूस नाही म्हणून दावा पडला, असं एकही नाव आपल्या यादीत राहता कामा नये. अगरियांचं जे झालं ते आपलं होऊ द्यायचं नाही. पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही. बांध, जुनी विहीर, देवस्थान, मसणवट, म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब, हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलेलं आहे.

तिसरं. खाडीकाठच्या आणि माळावरच्या साथींसाठी. गौण वनउपज म्हणजे झाडापासून येणारं, त्यात मीठ-माती येत नाही. पण वनजमिनीतल्या पाण्यातली मासळी, चराई, भटक्या आणि गुराख्यांचं हंगामी येणं-जाणं, हे सामूहिक हक्कात येतं. तिवरांची जमीन वन म्हणून लागली असेल तर तिथल्या मासे-खेकड्यांच्या वहिवाटीचा दावा लावा. आधी ग्रामसभेत मांडा, ठराव करा, नकाशा काढा.

चौथं. मिठागरावर जाणाऱ्या टोळीनं आपली वही आपण ठेवावी. उचल किती, दिवस किती, ढीग किती. शिकलेल्या पोरानं दर बाजारच्या दिवशी ती वाचून दाखवावी. प्यायचं पाणी आणि पायात घालायला बूट, हे मागून घ्यायचं, उपकार म्हणून नाही.

पाचवं. बायांनो, हे तुमच्या हातात आहे. चारोळी, मोह, हिरडा, डिंक, काहीही असो. मापाच्या बदल्यात माप द्यायचं नाही. आपल्या काट्यावर तोलायचं, एकत्र विकायचं. मीठ पैसे देऊन विकत घ्यायचं. मिठाच्या बदल्यात जंगल द्यायचं नाही.

मीठ समुद्राचं, माती धरणीची, जंगल जपणाऱ्याचं. कायदा माणसांनी केलेला असतो आणि माणसांनीच बदललेला असतो. १९३० ला बदलायला लावला, २००६ ला बदलायला लावला. आता तो अमलात आणायला लावायचा आहे.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद! जोहार.